नाटकाची रात्र आणि ताऱ्यांचे घड्याळ

आमच्या चामोर्शीकडे धानाची मळणी आटोपत आली की नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जंगलांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबिजेपासून होळीपर्यंत या पट्ट्यात गावोगावी नाटके होतात. आता नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या वडशाला आहेत, तारखा आधीच ठरतात, आणि या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण एक गोष्ट पूर्वीपासून चालत आली आहे. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि उजाडता उजाडता संपते.

ते इतके लांब का, असे बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो. कारण साधे आहे. प्रेक्षक पाच-सहा कोसांवरून बायकामुलांसह येत. वाट जंगलातली. मध्यरात्री नाटक संपले, तर त्या माणसांनी जायचे कोठे? म्हणून नाटकाने त्यांना सकाळपर्यंत सांभाळायचे, असा अलिखित करार असे. हा करार एका रात्री माझ्या हातून मोडला. त्यातून मी आकाश पाहायला शिकलो. म्हणून ती हकीगत थोडी सविस्तर सांगतो.

१९७७ साली मी नववीत होतो. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता (तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला), आमचा तालुका चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गावच्या नाटकमंडळात माझे काम म्हणजे विंगेत बसून प्रॉम्प्टरला कंदील धरणे आणि अधूनमधून रंगपटात निरोप पोचवणे. त्या वर्षी आणखी एक काम माझ्याकडे आले. मंडळात मनगटी घड्याळ एकाच माणसाकडे होते. तो तिकिटांचा हिशेब लावून झाला की घोंगडी पांघरून झोपून जाई. मग वेळ कोण सांगणार? पेटीमास्तरांनी मला बाहेर, कनातीच्या मागे नेले आणि आकाशाकडे बोट केले.

"ते तीन तारे एका रांगेत दिसतात ना बाबू, ते तिकांडे. ते माथ्यावर आले की दुसरा अंक सरला पाहिजे. मंग पश्चिमेले कलून चार मुठी उरले की मले येऊन सांग. शेवटचा अंक लावू. आन् शुक्राची चांदणी निघाली की भैरवी."

तिकांडे म्हणजे मृग नक्षत्राच्या मध्यावरचे तीन तारे. 'मुठी' म्हणजे हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून, वळलेल्या मुठीने क्षितिजापासूनची उंची मोजायची. एक मूठ साधारण १० अंशांची भरते. मास्तरांना अंश ठाऊक नव्हते, पण मूठ ठाऊक होती, आणि ती पुरेशी होती.

पहिला प्रयोग १४ नोव्हेंबरला झाला. शाळेत बालदिन होता म्हणून तारीख पक्की आठवते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप होता. चारी बाजूंनी कनात, खाली तणस अंथरलेली, वर उघडे आकाश, आणि रंगमंचावर दोन गॅसबत्त्या. तिकांडे माथ्यावर आले तेव्हा दुसरा अंक संपत होता. पहाटे ते चार मुठींवर आले. मी धावत जाऊन मास्तरांना सांगितले. घड्याळवाले तेव्हा जागे होते. त्यांनी मनगट कंदिलाशी नेले आणि म्हणाले, "साडेपाच." थोड्या वेळाने पूर्वेला शुक्रही वर आला. भैरवी संपली तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर उजेड होता. मला वाटले, आता आपल्याला सगळे आकाश कळते.

नंतरचे काही प्रयोग मला अभ्यासामुळे चुकवावे लागले. पुढचा प्रयोग संक्रांतीच्या आधी, ९ जानेवारी १९७८ रोजी, दुसऱ्या एका गावी होता. पेटीमास्तर तापाने घरी राहिले होते, पेटीवर दुसराच माणूस होता. सुरुवातीची धावपळ इतकी होती की दीड वाजून जाईपर्यंत मी कनातीबाहेर पाऊलही टाकले नाही. बाहेर आलो आणि पाहतो तो तिकांडे पश्चिमेला चांगलेच कलले होते. हात लांब करून मोजले. चार मुठी! दुसरा अंक तर अजून चालू होता.

मी घाबरून आत गेलो. "पहाट झाली जी! चार मुठी उरल्या!" माझ्या नोव्हेंबरातल्या यशामुळे कोणी शंका घेतली नाही. विनोदी प्रवेश गाळला, दोन गाणी गाळली आणि शेवटचा अंक लावला. भैरवीही झाली. पण शुक्र काही उगवेना, आणि पूर्वेला उजेडाचा पत्ता नव्हता. घड्याळवाल्यांना हलवून उठवले. दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

त्यानंतरचा गलका मी आजही विसरलो नाही. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "एवढ्या राती पोराबाराले घेऊन जावाचा कोठी?" तिचे बरोबर होते. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि वाटेवर रान होते. कोणी तिकिटाचे पैसे परत मागू लागले. मी विंगेत कंदील धरून उभा होतो आणि तो हातात थरथरत होता.

गावातल्याच जुन्या दंडार खेळणाऱ्या मंडळींनी त्या रात्री आमची लाज राखली. त्यांनी ढोलकी मागवली, गाळलेली गाणी आमच्या नटांकडून म्हणवून घेतली आणि मग स्वतःची दंडार उभी केली. ज्यांना ऐकायचे नव्हते ते शेकोटीपाशी सरकले. मीही तिकडेच जाऊन बसलो, कारण रंगपटात तोंड दाखवायची सोय नव्हती.

शेकोटीपाशी एक वयस्क गोंड शेतकरी मुलांना ईशान्येकडचे सात तारे दाखवत होते. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच. त्यांच्या गोष्टीत ऋषी नव्हते. चार तारे म्हणजे एका म्हातारीची बाज, आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. म्हातारी जागीच असते म्हणून बाज काही त्यांच्या हाती लागत नाही, आणि सगळे मिळून ध्रुवाभोवती फिरत राहतात. पुढे कितीतरी वर्षांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांच्या आकाशज्ञानावर २०१३ साली लेख प्रसिद्ध केला. त्यात हीच बाज आणि हेच चोर वाचून मला शेकोटीची ऊब आठवली. त्याच अभ्यासात मृगाच्या ताऱ्यांत गोंड लोक नांगर पाहतात, असेही नोंदलेले आहे. वेदकाळच्या लोकांना तेथे हरिण दिसले. ऐतरेय ब्राह्मणात ती कथा आहे. मृग रोहिणीचा पाठलाग करतो, व्याध त्याला बाण मारतो, आणि तीन कांडांचा तो बाण म्हणजेच आपले तिकांडे. शेतकऱ्याला नांगर, शिकाऱ्याला बाण. एकाच नेपथ्यावर दोन वेगळी नाटके बसवावीत तसे हे आहे.

त्या रात्री तीनच्या सुमारास मघा अगदी माथ्याजवळ आली होती. तिच्याजवळ आणखी एक तेजस्वी तारा होता. पुढे जुने पंचांग काढून पाहिले, तर तो शनी निघाला. मृगाच्या उत्तरेस गुरू होता आणि कर्क राशीत लालसर मंगळ. तीन ग्रह डोक्यावर असताना मी फक्त हरवलेल्या शुक्राची वाट पाहत बसलो होतो.

दोन दिवसांनी शाळेत ही बातमी पोचलीच. आमचे विज्ञानाचे गुरुजी रागावतील असे वाटले होते. त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि मलाच पुढे बोलावले.

१४ नोव्हेंबरचा प्रयोग : चार मुठी, पहाटे ५ वाजून ३० मिनिटे.
९ जानेवारीचा प्रयोग : चार मुठी, रात्री १ वाजून ५० मिनिटे.

दुसरी वेळ आम्ही हिशेबाने काढली. नाटक २ वाजून ४० मिनिटांनी संपले आणि शेवटचा अंक पन्नास मिनिटांचा होता. दोन वेळांतला फरक ३ तास ४० मिनिटे, म्हणजे २२० मिनिटे. दोन प्रयोगांमध्ये दिवस गेले ५६. गुरुजी म्हणाले, "भाग दे." उत्तर आले ३.९३. म्हणजे मृग दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येत होता. गुरुजींनी मग छापील पुस्तक उघडून दाखवले. त्यात आकडा होता ३ मिनिटे ५६ सेकंद. दशांशात लिहिला तर तोही ३.९३! मुठीने घेतलेल्या मापावरून एवढे नेमके उत्तर येणे हा योगायोगाचा भाग होता, हे मला आज कळते. एका मुठीची चूक झाली असती तरी उत्तर पाचव्या भागाने सहज चुकले असते. पण ज्या चुकीसाठी मी दोन रात्री झोपलो नव्हतो, तिच्यात एक खरा आकडा दडला होता, याचा आनंद काही वेगळाच होता.

ताऱ्यांना ही घाई का असते? ती ताऱ्यांची नाहीच, आपल्या घड्याळाची गोष्ट आहे. आपले घड्याळ सूर्यावर लावलेले आहे. आज सूर्य माथ्यावर आला तेव्हापासून उद्या माथ्यावर येईपर्यंत सरासरी २४ तास. पण या वेळात पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तशीच सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढेही सरकते. त्यामुळे पुन्हा सूर्यासमोर यायला तिला एका फेरीपेक्षा एक अंश जास्त वळावे लागते. एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. तारे इतके दूर आहेत की पृथ्वीच्या या सरकण्याचा त्यांच्या दिशेवर आपल्या डोळ्यांना जाणवेल असा परिणाम होत नाही. म्हणून ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांतच पुरी होते.

हे वाचून पटले नाही तर करून पाहा. गुरुजींनी ते आमच्याकडून रंगीत तालमीच्या वेळी करवून घेतले होते. मैदानाच्या मध्यभागी दिवा ठेवा. दूर एखादे चिंचेचे झाड हेरून ठेवा, तो आपला तारा. आता दिव्याकडे सतत तोंड ठेवून दिव्याला एक प्रदक्षिणा घाला. दिव्याच्या दृष्टीने तुम्ही एकदाही वळला नाहीत, तुमचे तोंड सदैव त्याच्याकडेच होते. पण चिंचेला विचारा. तिला तुमचे तोंड, कूस, पाठ, दुसरी कूस असे सगळे दिसले, म्हणजे तिच्या दृष्टीने तुम्ही एक पूर्ण गिरकी घेतली. एका प्रदक्षिणेत झाडाच्या हिशेबाने एक गिरकी नेहमी जास्त भरते. पृथ्वी स्वतःभोवती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने सूर्याभोवतीही फिरते, म्हणून तिचेही तसेच होते. वर्षात दिवस ३६५ आणि सुमारे पाव, तर ताऱ्यांच्या हिशेबाने फेऱ्या ३६६ आणि सुमारे पाव.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने ही गोष्ट आकड्यांत मांडली होती. त्याने एका युगाची वर्षे धरली ४३,२०,००० आणि त्या काळात पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या दिल्या १,५८,२२,३७,५००. पृथ्वी फिरते असे सरळ म्हणून त्याने हा आकडा दिला, हे विशेष. आता या फेऱ्यांतून वर्षांची संख्या वजा करा. उरतात १,५७,७९,१७,५००, आणि तेच त्या युगातले दिवस. दर वर्षाला एक फेरी जास्त! चिंचेच्या झाडाचा हिशेब तोच.

बरे झाल्यावर पेटीमास्तरांना मी मोठ्या ऐटीत ३ मिनिटे ५६ सेकंद सांगितले. ते हसले. "दर पंधरवड्याले एक तास सोडून द्याचा, बाबू. तुले सांगाचा राहून गेला." पंधराला ३.९३ ने गुणून पाहा. ५९ मिनिटे येतात. त्यांनी हे कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. तीस हिवाळे कनातीमागे उभे राहून त्यांनी ते गोळा केले होते. मला मात्र वाटते की त्यांचा नियम आणि गुरुजींचे कारण ही दोन्ही मिळाली म्हणून मला ती गोष्ट कायमची समजली. नुसता नियम घेऊन मी एकदा तोंडघशी पडलोच होतो.

राहिला प्रश्न शुक्राचा. नोव्हेंबरात पहाटे दिसणारी ही चांदणी जानेवारीत कोठे गेली? उत्तर असे की २२ जानेवारी १९७८ रोजी शुक्र सूर्याच्या पलीकडे, बरोबर त्याच्या आड होता. त्याच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे तो सूर्याच्या तेजात लपून गेला होता. शुक्र हा तारा नव्हे, ग्रह आहे. पहाटेला दिसणे, लपणे, संध्याकाळी दिसणे, पुन्हा लपणे आणि परत पहाटेला येणे हे त्याचे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे असते. म्हणून 'शुक्र निघाला की भैरवी' हा नियम कोणत्याही वर्षी चालेल असे नाही.

हे चक्र मला समजले ते तबलजींमुळे. तालमीत एकदा त्यांनी आम्हा मुलांचे दोन गट केले. एका गटाने टाळीवर झपताल धरायचा, म्हणजे १० मात्रांचे आवर्तन. दुसऱ्याने त्याच लयीत तीनताल, म्हणजे १६ मात्रांचे. दोघांनी समेवर एकत्र सुरुवात करायची. लगेचच समा वेगवेगळ्या पडू लागतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. पण मोजत राहिलो तर ८० व्या मात्रेनंतर दोन्ही गट पुन्हा एकाच समेवर येतात. तोवर झपतालाची ८ आवर्तने झालेली असतात आणि तीनतालाची ५.

आता झपतालाच्या जागी आपले ३६५ दिवसांचे वर्ष ठेवा आणि तीनतालाच्या जागी शुक्राचे ५८४ दिवसांचे चक्र. ३६५ गुणिले ८ म्हणजे २,९२०. ५८४ गुणिले ५ म्हणजे सुद्धा २,९२०. दहाचे सोळाशी जे नाते तेच ३६५ चे ५८४ शी, दोन्ही ५ ला ८! म्हणून आठ वर्षांनी शुक्र त्याच ऋतूत जवळजवळ त्याच जागी येतो. 'जवळजवळ' असे म्हणतो, कारण खरे वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे आणि शुक्राचे चक्र ५८४ हून किंचित लहान आहे. त्यामुळे आठ वर्षांत सुमारे अडीच दिवसांचा फरक पडतो. १९७८ नंतर आठाचे सहा फेरे, म्हणजे ४८ वर्षे मोजा. शुक्र सूर्याआड जाण्याची तारीख येते ६ जानेवारी २०२६, २२ जानेवारीपेक्षा सुमारे पंधरा दिवस आधी. तबल्याच्या भाषेत बोलायचे तर लय किंचित चढली.

मुलगा नाटकात गेला की अभ्यासातून गेला, असे आमच्याकडे अजूनही काही पालक म्हणतात. मी पुढे शिक्षक झालो आणि वर्गात ५८४ चे गणित शिकवताना नेहमी टाळी धरूनच शिकवले. ज्या मुलांना लघुतम साधारण विभाज्य हे शब्द ऐकून झोप येते, त्यांना समेची वाट पाहताना झोप येत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आता तुम्हाला स्वतः पाहायचे असेल तर काय करावे ते सांगतो. अलीकडे नाटकाच्या मंडपाला झगझगीत विजेचे दिवे असतात. त्यांच्या उजेडात उभे राहून आकाश दिसत नाही. नटाला याचा अनुभव असतोच. रंगमंचावरून समोर पाहिले तर प्रेक्षकांच्या जागी काळोखाची भिंत दिसते. डोळ्याची बाहुली लहान झालेली असते, आणि अंधारात पाहण्यास मदत करणारे डोळ्यातले द्रव्य उजेडाने विरून गेलेले असते. ते पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून मंडपापासून दूर, दिव्यांकडे पाठ करून बसा, मोठ्यांपैकी कोणाला तरी सोबत घ्या, आणि वही पाहायची असेल तर विजेरीला लाल कागद बांधा. मोबाइलकडे एकदा पाहिले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चामोर्शी विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेला आहे. म्हणून आपल्याकडे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठींवर दिसतो. 'तिकांडे माथ्यावर' असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते माथ्यापासून दोन मुठी दक्षिणेकडून जाते. अगदी माथ्याजवळून जाणारा तारा हवा असेल तर स्वाती पाहा. आपल्या गावावरून ती माथ्यापासून सुमारे एका अंशावरून जाते. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय सापडत नाही! आणि दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा खाली, हिवाळ्यात अगस्त्य तेजाने झळकतो. दिल्लीहून तो क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर दिसतो. आपली या बाबतीत चैन आहे.

चामोर्शीत तिकांडे माथ्यावर येण्याच्या वेळा साधारण अशा आहेत. १५ नोव्हेंबरला रात्री २ वाजून १० मिनिटे, १५ डिसेंबरला १२ वाजून १० मिनिटे, १५ जानेवारीला १० वाजून ८ मिनिटे आणि १५ फेब्रुवारीला ८ वाजून ५ मिनिटे. डिसेंबरात नेमके बारा का नाहीत, असा प्रश्न चौकस मुलाला पडेल. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ८० अंशांच्या किंचित अलीकडे, पश्चिमेला आहोत. त्या अडीच अंशांची ही दहा मिनिटे.

मग मृग असाच पुढे पुढे सरकत राहिला तर शेवटी जातो कोठे? मे महिन्याच्या अखेरीस तो संध्याकाळच्या उजेडात बुडून दिसेनासा होतो. जूनच्या ७-८ तारखेला 'मृग लागला' असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. मृग तेव्हा दिवसा सूर्यासोबत आकाशात असतो म्हणून दिसत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे धानाची पेरणी होते. सहा महिन्यांनी तोच मृग सूर्याच्या समोरच्या बाजूला येतो, रात्रभर दिसतो, आणि तोवर धान घरात आलेले असते व नाटके रंगात आलेली असतात. मिरगाचा पाऊस आणि नाटकाच्या रात्रीचे तिकांडे या एकाच नक्षत्राच्या दोन जागा आहेत, हे माझ्या कित्येक वर्षे लक्षातच आले नव्हते.

त्या हिवाळ्यानंतर आमच्या प्रॉम्प्टरच्या वहीच्या समासात मी पेन्सिलीने प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि तिकांड्याची वेळ लिहीत गेलो. जानेवारीच्या पुढे मृग लवकर मावळतो, म्हणून पहाटेसाठी दुसरे तारे धरले. जानेवारीत चित्रा दक्षिणेला माथ्याकडे येऊ लागली आणि आग्नेयेला ज्येष्ठेचा तांबडा तारा दोन मुठींच्या आसपास वर आला, की पहाटेचे साडेपाच झाले. वहीत संवादांच्या शेजारी 'चित्रा', 'ज्येष्ठा' अशी नावे पाहून एका नव्या नटाला त्या नाटकातल्या स्त्रीभूमिका वाटल्या होत्या. त्याने त्यांचे प्रवेश शोधलेही!

एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे मार्कंडा देवस्थानी महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. ही वद्य चतुर्दशीची रात्र, म्हणून चंद्र जवळजवळ नसतोच आणि तारे दाट दिसतात. २०२६ साली महाशिवरात्रीची तारीख १५ फेब्रुवारी येते. तिकांडे जवळजवळ विषुववृत्ताच्या वर असल्यामुळे माथ्यावरून मावळतीला जायला त्याला सुमारे सहा तास लागतात. त्या रात्री ते नदीपलीकडे किती वाजता मावळेल? आणि भैरवीसाठी मग कोणता तारा धराल? वर्गात दोन गट करून उत्तरे काढा आणि पुढच्या कोणत्याही महाशिवरात्रीला, तारखेप्रमाणे वेळ बदलून, नदीकाठी ती पडताळून पाहा.